पौर्णिमेची भरती पावणेचारला

"दादाला जाऊन दोन वर्षं झाली, वहिनी. तो कॉम्प्युटर नुसता जागा अडवून बसलाय. रविवारी टेम्पो येतोय, भंगारात देऊन टाकू."

काका पडवीत आईशी बोलत होते. मी आत त्याच कॉम्प्युटरसमोर बसले होते. काकांना ते ठाऊक होतं. मी मधे बोलत नाही, हेही ठाऊक होतं.

"तिचं काम होऊ दे," आई म्हणाली. "झालं की न्या."

काम म्हणजे पप्पांचा प्रोग्रॅम. तिथी घातली की रेवदंड्याच्या खाडीत भरती किती वाजता, ते तो सांगतो. पप्पांनी तो स्मॉलटॉक नावाच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता आणि तो फक्त या जुन्या मशीनवर चालायचा. मी तो जावास्क्रिप्टमध्ये उतरवत होते, म्हणजे कुणाच्याही मोबाइलवर, ब्राउझरमध्ये उघडेल.

पप्पा लिहीत असताना हाक मारायचे, "ये, एकदा बघ तरी." मी इंग्रजीत "लेटर, पप्पा" म्हणून टाळायचे आणि शाळेचं पुस्तक उघडायचे. अभ्यास नसतानाही.

स्मॉलटॉकचं एक आहे. ते बंद केलं तरी संपत नाही, झोपल्यासारखं राहतं. शेवटचं सेव्ह करताना जी खिडकी जिथे होती, ती उघडल्यावर तिथेच असते. एका खिडकीत पप्पांनी टीप लिहायला घेतली होती: 'अमावास्येला वारा असेल तर पाणी'. पुढे काही नाही. मी रोज ती खिडकी बघायचे आणि हात न लावता बाजूला काम करायचे. जावास्क्रिप्टमध्ये तिच्यासाठी जागा नव्हती. माझं पान दर वेळी उघडलं की कोरं.

गुरुवारी पहिल्यांदा आकडे आले. शेजारच्या मावशी बोंबील वाळत घालत होत्या. त्यांच्या घरची होडी आहे. मी न बोलता मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"पुनवेला पावणेचारला भरती?" मावशी एवढ्या हसल्या की हातातला बोंबील खाली पडला. "पोरी, तुजा समिंदर कंचा? पुनवेला बाराला पानी भरतं, शाळेत शिकवलं न्हाय का?"

शाळेत खरंच नव्हतं शिकवलं. शाळेत शिकवलं होतं की आधी गुणाकार, मग बेरीज.

चूक तिथेच होती. इकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. खाडीत पाणी उशिरा चढतं, म्हणून पप्पा तिथीत आधी एक मिळवायचे. त्यांनी लिहिलं होतं: तिथी अधिक एक, गुणिले तीन, भागिले चार. कंस नाही. स्मॉलटॉक डावीकडून सरळ मोजत जातं, पंधरा आणि एक सोळा, सोळाची पाऊणपट बारा. जावास्क्रिप्टने माझ्यासारखाच आधी गुणाकार केला: एकाची पाऊणपट पाऊण, पंधरा आणि पाऊण पावणेसोळा, म्हणजे दुपारचे पावणेचार. मी ओळ जशीच्या तशी उतरवली होती.

मी कंस घातला. बारा आले. हे पप्पांनी एका मिनिटात सांगितलं असतं. मी फक्त शेजारी स्टूल ओढून बसायला हवं होतं.

शुक्रवारी सगळ्या तिथी दोन्हीकडे ताडून पाहिल्या, जुळल्या. मावशींच्या मोबाइलवर पान उघडून दिलं. "आता बराबर हाय," त्या म्हणाल्या. काम झालं होतं. आईला मी दोन दिवस ते सांगितलं नाही. मावशींनी सांगितलं.

रविवारी टेम्पो आला. काका आत आले, चपला दाराशी काढून. स्क्रीन चालूच होता, ती अर्धी टीप समोर. त्यांनी ती वाचली की नाही, कळलं नाही.

"झालं ना गं तुझं? मोबाइलवर चालतंय म्हणे. हुशार आहेस." ते वाकून मागची वायर शोधू लागले.

आई दारात उभी होती. माझ्या तोंडात नेहमीसारखं टाळाटाळीचं इंग्रजी वाक्य तयार होतं, सभ्य, लांबलचक. त्याने काका थांबले नसते. काकांचा हात प्लगवर गेला.

"काका, थांबा," मी म्हणाले. "काम झालंय. पण कॉम्प्युटर द्यायचा नाही. मला हवाय तो."