गंगूचा निळा तोबरा

भूतखेत, बाहेरचं वगैरे मी मानत नाही. आजही नाही. मुलगी मोबाईलवर लोकांचे असले अनुभव मोठ्याने वाचते, तेव्हा मी भाकऱ्या थापता थापता हसते. पण गेल्या थंडीतलं माझं स्वतःचं मला हसण्यावारी नेता येत नाही. चारचौघांत बोलायची मला सवय नाही... म्हणून तिच्या जुन्या वहीत लिहिते आहे.

आम्ही घोडेवाले. इंदिरानगरच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर आमची सात तट्टं असतात. सगळ्यात म्हातारी गंगू, तीन कामाची, दोन खोगीर घ्यायला शिकणारी आणि एक शिंगरू. थंडीत कडबा, आणि दुपारी वरून खुराक. गव्हाणीत एकत्र टाकला तर तरणी जनावरं म्हातारीला आणि शिंगराला लाथा मारून हाकलतात. म्हणून प्रत्येकाच्या तोंडाला वेगळा तोबरा — खुराकाची पिशवी, दोरी कानामागून बांधायची. सगळे मीच शिवलेले. गंगूच्या दाढा झिजल्यात, तिला भिजवलेला भरडा लागतो. तो दुसऱ्याला जाऊ नये म्हणून तिच्या तोबऱ्याला निळा पट्टा.

पौषात सुरू झालं. दुपारचे दोन, लख्ख ऊन. गंगूला वेळ लागतो म्हणून पहिला तोबरा तिला बांधला, मग बाकीचे सहा. वळून बघते तर गंगू मोकळ्या तोंडाने उभी. निळा तोबरा कुठेच नाही! सगळ्यांचं खाणं झाल्यावर तोबरे अडकवायला गेले, तर निळा आपल्या खुंटीवर. रिकामा. आतून लाळेने ओला आणि... गरम.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोन गाठी मारल्या, तरी तेच. तिला पुन्हा द्यावं तर खुराकाच्या कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्या सात डबे मोजून देतात.

"आणखी एक? चौथी शिकलीस ना गं? सातपर्यंत मोजता येईना व्हय?"

"आत्याबाई, मी बांधला होता..."

"मग काय घोडीनं सोडून खुंटीला लावला?"

हे म्हणाले, "माकडं असतील." माकड पिशवी परत खुंटीला अडकवतं का?

पंधरा दिवसांत गंगूच्या फासळ्या दिसू लागल्या. हे म्हणाले, "तिच्या अंगी आता काही लागत नाय. रविवारी व्यापारी टेम्पो आणतोय." म्हातारी घोडी व्यापारी कशाला नेतो, ते आमच्या धंद्यात सांगावं लागत नाही. याच गंगूवर बसून हे आमच्या मांडवात आले होते.

शनिवारी मी म्हटलं, "अहो, आज तुम्ही बांधा. मी हात लावत नाही." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत त्यांनी गंगूपासून बांधायला घेतलं. मला ऐकू जाईल असं मोजत. "एक... दोन..." शिंगरापाशी पोचले. "सात! झालं? याला काय कॉलेजात जावं लागतं?"

आणि वळले. गंगू मोकळ्या तोंडाने उभी होती.

त्यांनी सहाही जनावरांच्या तोंडाला हात लावून पाहिलं. मग खुंटीकडे गेले. निळ्या तोबऱ्यात हात घातला, झटकन काढला आणि पँटला पुसत राहिले. शेवटी फोन काढला. "टेम्पो आणू नको... नाय, घोडी द्यायचीच नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून आठ भर. आईला मी सांगतो."

जुन्या चादरीचा आठवा तोबरा शिवला. तो गंगूला बांधते. एकदाही हलला नाही. निळा भरून खुंटीवरच ठेवते. तासाभरात रिकामा असतो. गंगू महिन्यात सावरली.

कोण खातं? आमच्याकडे आठवं जनावर कधीच नव्हतं, त्या प्लॉटवर काही झाल्याचंही कोणी सांगत नाही. यांना विचारलं की उठून जातात. मला भीती वाटत नाही, राग येतो. खायचंच होतं तर धडधाकटांचं खायचं... दाढा झिजलेल्या म्हातारीचंच का?

आणि यांनी आईला काय सांगितलं, ते मला फार उशिरा कळलं. "ती मोजायला चुकते, एक डबा जास्तच देत जा."

या थंडीतही आठच चाललेत. काल पाहुण्यांसमोर सासूबाई हसून म्हणाल्या, "आमच्या सूनबाईला सातपर्यंत येत नाय." हे मान खाली घालून चहा पीत होते. मी आत गेले आणि आठवा डबा भिजत घातला.