घरच्या नावाची हाक

डॉ. दिनकर सोनगिरे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या केंद्रातली भूलतज्ज्ञ म्हणून मीही या गौरवग्रंथात लिहावे, असा संपादकांचा निरोप आला. "सरांच्या कामावर लिहा मॅडम, ते भुताटकीचं काही नको," असेही त्यांनी बजावले. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलेच असणार. मी प्रयत्न करते, हमी देत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या नव्या केंद्रात नोकरीची चौकशी करायला गेले. दुपारची वेळ होती. मोठ्या खोलीत ओळीने खाटा होत्या आणि तपासण्या झालेले रुग्ण गुंगीत पडले होते. एका खाटेवर पांढऱ्या मिशांचे, बहुधा निवृत्त मुख्याध्यापक असावेत असे गृहस्थ होते. त्यांच्या कानाशी वाकून एक उंच डॉक्टर म्हणत होते, "छोट्या, ए छोट्या, ऊठ. शाळेची वेळ झाली." मिशा हलल्या. "आलो," असे म्हणून त्या गृहस्थांनी डोळे उघडले. मी आल्या पावली परतणार होते. तेवढ्यात डॉक्टर वळून म्हणाले, "भूलतज्ज्ञ ना तुम्ही? झोपवायचं काम तुमचं. उठवायचं माझ्याकडे."

सरांचा जन्म मनमाडचा. वडील रेल्वेत फिटर होते. आई ते कॉलेजात असतानाच गेल्या. सरकारी महाविद्यालयात वैद्यकीचे शिक्षण, मग मुंबईत पोटाच्या आणि यकृताच्या विकारांचा खास अभ्यास, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांचे गुरू पोटात घालायची दुर्बीण हातात देण्याआधी रुग्णाचे पोट नुसत्या बोटांनी तपासायला लावत, आणि निदान चुकले तर सगळ्यांसमोर हसत. मुंबईत सहज नाव झाले असते, पण सर नाशिकला आले. त्यांचे शिष्य डॉ. शिंदे पेठकडच्या सरकारी दवाखान्यात काही वर्षे काढून आले होते. साप चावलेल्यापासून अडलेल्या बाळंतिणीपर्यंत सगळे पाहिलेला माणूस! सर त्यांना गमतीने म्हणत, "तुम्हाला फक्त पोट बघायला शिकवायचं म्हणजे बाकीचं विसरायला लावायचं."

सकाळी यायचे, दुर्बिणीने तपासणी किंवा लहान शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि संध्याकाळी घरी जायचे, ही पद्धत तेव्हा लोकांच्या गळी उतरत नव्हती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. अगदी सुरुवातीला, मी येण्याआधी, सिन्नरकडच्या एका आजोबांना मुलांनी संध्याकाळी जीपमधून घरी नेले. आजोबा अजून पेंगत होते. वेशीवरच कुणीतरी विचारले, "काय म्हनले डॉक्टर?" मुलगा म्हणाला, "घरी न्या म्हनले." झाले! ओसरीवर बायका रडायला बसल्या, लेकीला सांगावा गेला. त्या गलक्याने आजोबा उठून बसले आणि विचारते झाले, "कोन गेलं रं?" ही हकिकत मुलाने दुसऱ्या दिवशी हसत सांगितली. सर मात्र हसले नाहीत. "इतकी माणसं रडत होती, पण त्यांना हाक कुणी मारली नाही," एवढेच म्हणाले.

त्या दिवसापासून केंद्राचा नियम झाला. गुंगी देण्याआधी प्रत्येकाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात ते विचारायचे आणि त्या नावाला 'ओ' दिल्याशिवाय घरी सोडायचे नाही. सावकार, प्राध्यापक, पैलवान, सगळे लाजत लाजत आपले पिंट्या, बबडी, सोन्या सांगत. मला हे थेर वाटे. औषध उतरले की माणूस उठतो, नावाशी काय संबंध, असे मी सरांना तोंडावर म्हणत असे. त्यावर ते चहा मागवत.

एकदा सुरगाण्याहून एक म्हातारी सुनेबरोबर आली. कावीळ होती, पित्ताच्या नळीतला खडा दुर्बिणीने काढायचा होता. घरचे नाव विचारले तेव्हा सून म्हणाली, "तिला समदी आयाच म्हनत्यात. दुसरं नाव कोनाला ठावं नाय." म्हातारी नुसती हसली. खडा निघाला, पण नंतर तिचा श्वास मंदावत गेला. मी प्राणवायू वाढवला, औषधाचा उतारा दिला, छाती चोळली. यंत्रावरचा आकडा खालीच जात होता. सून दारात उभी राहून "आया, ए आया" म्हणत होती. मला घाम फुटला होता, लपवत नाही.

सर वाकले आणि म्हणाले, "दगडू, ए दगडू, ऊठ गं."

म्हातारीने खोल श्वास घेतला. शुद्धीवर आल्यावर ती खोलीभर कुणाला तरी शोधत होती. "माझी आय अशी हाक मारायची. मी लहान व्हते तवाच मेली ती. हितं कशी आली?"

मी सरांना बाजूला घेतले. नाव कसे कळले? "आजीच गुंगीत बोलल्या असतील," सर म्हणाले. त्यांच्या तोंडात दुर्बिणीसाठी दातांमध्ये बसवलेला ठोकळा होता, सर, मी म्हणाले, शब्द फुटणेच शक्य नव्हते. सरांनी मागे वळून पाहिले. "मग माझ्यामागून कुणी बाई बोलली. तुम्ही नव्हतात?" मी त्यांच्यासमोर उभी होते. सून दारात होती. त्यांच्यामागे भिंत होती. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही, पण मी त्या भिंतीकडे पाठ करून उभे राहणे सोडले.

गेल्या वर्षी सरांना स्वतःलाच कावीळ झाली. खडाच होता. डॉ. शिंदे काढणार होते, गुंगी मी देणार होते. नियमाप्रमाणे मी नाव विचारले. त्यांच्या पत्नी तर त्यांना 'अहो' म्हणतात. सर म्हणाले, "त्या नावानं हाक मारणारं आता कुणी नाही. जाऊ द्या."

खडा निघाला आणि सर उठेनात. नाडी ठीक होती, पण श्वासांमधले अंतर वाढत चालले. उतारा दिला. "सर!" डॉ. शिंदे ओरडले, "सर, उठा!" मी "दिनकर" म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांच्या पत्नींनी "अहो" म्हणून हात धरला. काही नाही. मला त्या वेळी शिकलेले काहीच आठवेना. एवढेच कळत होते की हा माणूस गेला तर मला सहन होणार नाही.

तेव्हा माझ्या कानामागून एक बाई बोलली. आवाज वयस्कर होता, थोडा वैतागलेला, जेवण वाढून वाट बघणाऱ्या बाईसारखा. तिने एक नाव घेतले. मी वळून पाहिले नाही, कारण त्या धावपळीत मी त्याच भिंतीकडे पाठ करून उभी होते. मी वाकले आणि तेच नाव सरांच्या कानात म्हटले.

"आलो गं," सर म्हणाले.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "ऐकलंत ना?" मी मान डोलावली. "मनमाडला गाड्यांच्या आवाजातसुद्धा तिची हाक ऐकू यायची," ते म्हणाले आणि डोळे पुसून गाडीत बसले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. संपादकांनी आग्रह करू नये. सर, ज्यांना तुम्ही त्यांच्या नावाने परत आणलेत त्या सगळ्यांचे आयुष्य तुम्हाला लाभो, पोट आणि प्रकृती ठणठणीत राहो. त्या माउलीला मी रोज मनातल्या मनात सांगते, की त्यांचे जेवण इकडे होते आहे, तुम्ही घाई करू नका. ते नाव मी जपून ठेवले आहे. ते पुन्हा उच्चारायची वेळ माझ्यावर कधीच येऊ नये.