दुसऱ्या हाकेची ओ

सोपानदादा गेल्याची बातमी मला त्यांच्याच फोनवरून आली, आणि ती ऐकण्याआधी बराच वेळ मीच बोलत सुटलो होतो. सकाळी चहा गाळत असताना फोन वाजला, त्यावर दादांचं नाव. आदल्या दिवशीच मी त्यांना मायक्रोवेव्ह घ्यावा का असं विचारलं होतं आणि ते “उद्या सांगतो, जरा इचार करू द्या” म्हणाले होते. त्यामुळे फोन कानाला लावला तो मी जोरातच. “बोला दादा! घ्यायचा का नाही ते एका शब्दात सांगा. आणि आधीच सांगतो, भिववायचं नाही. शेजारच्यांनी घेतलाय, त्यांचं अजून काही उडालेलं नाही.” पलीकडे शांतता. मी पुढे चालूच. “ऐकू येत नाही बघा तुमचं. तो बटणांचा डबा आता टाका आणि जरा बरा फोन घ्या. दुकान भरून फोन विकता आणि स्वतः…” तरी शांतता. मग मी हसत हसत म्हणालो, “दादा, अहो, ओ तरी द्या!”

त्यावर जो आवाज आला तो वहिनींचा होता. “भाऊजी… त्येच देईनात वो.”

चहा कुठे सांडला, गॅस कोणी बंद केला, काही आठवत नाही. माझी बायको सुमन मागे उभी होती. दादा तिचे सख्खे थोरले भाऊ. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. ती खाली बसली आणि एवढंच म्हणाली, “आंघोळीला गेला होता का?”

हा प्रश्न वाचून कोणालाही विचित्र वाटेल. आमच्या घरात नाही वाटत. का, ते सांगायचं तर दादांपासूनच सुरुवात करावी लागेल.

दादा भाजे गावचे. रोज मळवलीला लोकल पकडून लोणावळ्याला यायचे आणि बाजारातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीव्ही, फ्रिज, मिक्सर, गिझर असं सगळं विकायचे. केस काळे होते तेव्हा लागले, ते पांढरे झाले तरी त्याच काउंटरमागे. आणि या माणसाला विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची भीती वाटायची. नुसती वाटायची नाही, ते ती वस्तूबरोबर बांधून द्यायचे. मिक्सर घ्यायला आलेल्या बाईला सांगायचे, “ताई, चालू असताना झाकणावरचा हात काढायचा न्हाई, आन तोंड लांब धरायचं. वाघाचा पिंजरा समजा.” इन्व्हर्टर घेणाऱ्याला विचारायचे, बॅटरी कुठे ठेवणार? पलंगाखाली म्हटलं की वस्तू परत आत. मोबाइल उशाखाली चार्जिंगला लावतो असं एखाद्या पोराने कबूल केलं, तर त्याच्या आईला फोन जायचा. मी एकदा दुकानाच्या शेठना विचारलं, असा माणूस तुम्ही ठेवलाय कसा? शेठ म्हणाले, “सर, आम्ही चांगलं म्हटलं तर गिऱ्हाईक संशय घेतं. हा माणूस शेवटी ‘घ्या, पण जपून’ म्हणाला की तिथल्या तिथे घेतं.”

त्यांच्या भीतीतही प्रतवारी होती. जे दिसतं, वास मारतं, आवाज करतं, त्याला ते फारसे भीत नसत. इंडक्शनची शेगडी त्यांना अजिबात पसंत नव्हती. “जाळ दिसत न्हाई तो जाळ कसला? दिसंल त्यापासून मानूस हात तरी मागं घेतो.” स्मार्ट टीव्ही शेठनी आग्रहाने त्यांना घरी दिला होता, त्यावर वहिनींचं जुनं लुगडं घातलेलं असायचं. टीव्ही बघून झाला की पदर ओढल्यासारखं ते खाली सोडायचं. “आपुन बगून झालं, आता त्यानं आपल्याला बगायचं न्हाई.” आकाशात कुठे गडगडलं की नातेवाइकांत त्यांचा फोन फिरायचा, “प्लग काढा.” मी शाळेत चित्रकला शिकवतो. पिनांचा आणि माझा संबंध कागद अडकवण्यापुरता. त्यामुळे कुठला प्लग कशाचा ते मला कधी कळायचं नाही आणि मी घाबरून सगळेच काढायचो. त्यात फ्रिजचाही निघायचा. दुसऱ्या दिवशी सुमन नासलेलं दूध माझ्यापुढे ठेवायची.

पण ते खरे भ्यायचे ते बोलणाऱ्या स्पीकरला. शनिवार-रविवारी येणारे बंगलेवाले तो हौसेने घ्यायचे. नाव घेतलं की तो उत्तर देतो, गाणी लावतो, दिवे घालवतो. दादांनी मला तो दुकानात चालवून दाखवला होता. त्यांनी हाक मारली, त्याने गोड आवाजात ओ दिली. दादांनी पुन्हा मारली, त्याने पुन्हा तितक्याच गोड दिली. मला मजा वाटली. दादांचा चेहरा मात्र उतरला होता. “पाव्हणं, हे कदी दमनार न्हाई. घरात मानूस मरून पडलं तरी हे ओ देत ऱ्हाईल. भाईरच्याला वाटंल, आत समदं ठीक हाय.”

ओ या गोष्टीशी त्यांचा हिशेब जुना होता. त्यांचे वडील गाळ काढायला विहिरीत उतरायचे. जुन्या विहिरीच्या तळाशी वाईट हवा साठते, ती दिसत नाही, तिला वास नसतो. आत उतरलेल्या माणसाला पेंग येते आणि संपतं. म्हणून वर काठावर एक जण फक्त हाका मारायला बसवायचा. दादा लहान असताना ते काम त्यांच्याकडे असे. वडिलांनी शिकवलेला नियम असा, की ओ आली तरी थांबायचं नाही, लगेच दुसरी हाक मारायची. कारण पहिली ओ माणूस सवयीने देतो, पेंगेतसुद्धा देतो. दुसरी शुद्धीत असला तरच. दुसरीला ओ आली नाही, की दोर ओढायचा. चर्चा करायची नाही.

लोणावळ्यातच वलवणला आम्ही घर घेतलं ते पुण्याच्या एका कुटुंबाकडून, आणि त्याच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आधीपासून होता. दादा घर बघायला आले. देवघर बघितलं नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही, थेट बाथरूममध्ये गेले आणि पांढरे पडून बाहेर आले. “हा आत नको. ह्यो हवा खातो.” प्लंबर मिळेपर्यंत म्हणून त्यांनी नियम घालून दिले. भिंतीतल्या वरच्या झडपा उघड्या हव्यात, कडी लावायची नाही, आणि बाहेरच्याने हाका मारायच्या. दोनदा. आमच्याकडे पाहुणे यायचे आणि त्यांना बाथरूमच्या दारात उभं राहून सारखं “सुमे… सुमे…” करणारा नवरा दिसायचा. शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “सर, घरी सगळं बरं आहे ना?” प्लंबर काही लवकर मिळाला नाही. लोणावळ्यात तो मिळणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आणि मग पावसाळा तोंडावर आला. इकडे मे संपता संपता घरोघरी खिडक्यांना प्लास्टिक मारतात. लाकडी पट्ट्या ठोकून जाड कागद असा ताणून बसवायचा की वारा, धुकं, पाणी, काही आत येता कामा नये. आमच्याकडे मारायला आलेला माणूस फार चोख होता. त्याने एक फट सोडली नाही. आम्ही दोघांनी अंगणात उभं राहून त्याच्या कामाचं कौतुक केलं. बाथरूमच्या झडपांवरही त्याने बाहेरून तितकंच सुंदर प्लास्टिक मारलं होतं, हे आम्ही पाहिलं, आणि तेही छान दिसत होतं.

पाऊस लागून थोडे दिवस झाले होते. रविवारची सकाळ. सुमन आंघोळीला गेली होती, मी पेपर वाचत बसलो होतो. छत्री मिटत दादा गल्लीतून येताना दिसले. त्यांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि छत्री तिथेच टाकली. धावत आत आले, दारापाशी जाऊन ओरडले, “सुमे!” आतून ओ आली. जरा बारीक होती, पण आली. मी म्हणालो, “दिली की ओ. बसा, चहा टाकतो.” त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “सुमे!”

आत फक्त पाण्याचा आवाज.

मला तो पाण्याचा आवाज अजून ऐकू येतो. कुठेही नळ नुसता चालू राहिला की मी आधी जाऊन तो बंद करतो. दादांनी दार ढकललं. कडी नव्हती, पण सुमन दाराशीच पडली होती, दार उघडेना. खांदा लावून त्यांनी ते रेटलं, तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं आणि मला ओरडून सांगितलं, “ग्यास बंद करा!” मी जिवाच्या आकांताने धावलो आणि दिव्याचं बटण बंद केलं. माणूस घाबरला की त्याला येत असलेलंच आठवतं, आणि मला तेवढंच येत होतं. गॅस शेवटी त्यांनीच बंद केला. सुमनला पडवीत पावसाच्या झडीत निजवलं. तिचे ओठ हलेपर्यंत दादा तिच्या कानाशी हाका मारत होते. एकीला ओ आली, ते थांबले नाहीत. दुसरीला आली, तेव्हा कुठे भिंतीला टेकून बसले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या. तिचं डोकं पुढे दोन-तीन दिवस ठणकत होतं. गिझर त्याच संध्याकाळी बाहेर पॅसेजमध्ये गेला. प्लंबर दादांनीच कुठूनतरी धरून आणला होता.

धोका गेला, हाका राहिल्या. आमच्याकडेही आणि भाज्यालाही. दादांच्या घरी गिझर कधीच नव्हता. दुकानातले सगळे गिझर ओळखणारा हा माणूस तांब्याच्या बंबातलं पाणी घ्यायचा, कारण बंबाचा धूर डोळ्यांत जातो आणि “डोळ्यात गेलेल्या धुराचा भरवसा असतो.” तरीही न्हाणीत गेले की वहिनींनी हाका मारायच्या आणि त्यांनी ओ द्यायची. वहिनी वैतागायच्या. “काय वो, हितं काय हिर हाय का?” पण मारायच्या.

कार्य उरकून माणसं पांगली तेव्हा वहिनी सुमनला घेऊन मागच्या पडवीत बसल्या. मी जवळच होतो. बंब तिथेच होता, थंड, राख तशीच. वहिनी म्हणाल्या, “पैल्या हाकंला ओ दिली व्हती त्यांनी. चांगली दिली. तेवड्यात दूद उतू चाललं, म्हून म्या आत पळाले… दुसरी मारलीच न्हाई, सुमे.” डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की हृदय एका क्षणात थांबलं, कोणी काही करू शकलं नसतं. मी ते वहिनींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पटलेलं मुळीच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली आहे. सुमन मी घरात असल्याशिवाय आंघोळीला जात नाही. मी पेपर घेऊन दाराबाहेर बसतो. हाक मारतो, ओ येते, आणि मी श्वास सोडतो. तिथेच थांबतो. दुसरी हाक मी मारत नाही. पहिली ओ मिळाली आहे ना, मग ती जपून ठेवावी, पुढे विचारून ती घालवू नये, असं काहीतरी येड्यासारखं वाटत राहतं. दिसत नाही त्याला भ्यावं असं दादा सांगायचे. मी ऐकू येणार नाही त्याला भ्यायला लागलो आहे. सुमनला हे कळलं नसेल असं मला वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझे असे समज अजून शिल्लक आहेत.

मागच्या रविवारी मी नेहमीसारखा बसलो होतो. पाण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली, “सुमे?”

ओ आली नाही.

गिझर बाहेर माझ्या डोक्यावर लटकतो आहे, झडपा उघड्या आहेत, प्लास्टिकचा कपटासुद्धा नाही, सगळं माहीत होतं. तरी मी उठलो, हातातला पेपर खाली पडला, आणि भिंतीला धरून तिथेच उभा राहिलो. वहिनींचं उतू गेलेलं दूध, पडवीतला थंड बंब, फोनवरची माझी बडबड… सगळं एकदम अंगावर आलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग कुठून तरी आवाज निघाला, माझा मलाच अनोळखी, “सुमे!”

“ओ!” खणखणीत. दादा शिकवायचे तशी.

ती डोक्याला पंचा गुंडाळत बाहेर आली तेव्हा मी अजून भिंतीला धरून उभा होतो. तिने खाली पडलेला पेपर उचलला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “पहिली ऐकली होती मी. मुद्दाम नाही दिली ओ. दादा गेल्यापासून तुम्ही दुसरी मारतच नव्हता… म्हटलं, बघू, मी नाही दिली तर मारता का.”