विळे पाजवायचा दगड

सिंदेवाहीच्या रस्त्याला लागून आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक काळा दगड होता. गुडघाभर उंच, मागे कललेला. जर्मनच्या पहिल्या लढाईत गावातले जे गेले अन् परतले नाहीत, त्यांची नावं इंग्रज सरकारनं त्यावर कोरली होती. आम्ही त्यावर विळे पाजवत होतो.

धानकापणी आली की बाया सकाळी तांब्यानं त्यावर पाणी ओतायच्या अन् पाळीपाळीनं विळ्याला धार लावायच्या. बाबा म्हणायचे, "साहेब लोक जाता जाता एक काम बरं करून गेले." आम्ही हसायचो. दुसरीत असताना त्याच दगडावर बोट फिरवत मी अक्षरं जुळवायला शिकले. पाचही नावं तोंडपाठ होती. पुढं शाळेत मास्तरीण झाले, पोरांना शहाणपण शिकवू लागले. दगडावरची अक्षरं झिजत चाललीत, हे दिसत होतं. त्याचं काहीच वाटलं नाही.

ऐंशीनंतरच्या एका वर्षी सरकारी माणसांनी रस्त्याच्या कडेला लोखंडी पाटी रोवली. 'ऐतिहासिक स्मारक', खाली बाण. आमचा धुरा खोदला म्हणून मी त्यांच्याशी तणतणत होते. तेवढ्यात बौद्ध मोहल्ल्यातली म्हातारी बाई मोळी घेऊन आली. वीस वर्षं आमच्याकडे कापणीला येणारी.

"काय लिवलं हाय, बाई?"

मी वाचून दाखवलं. लढाईत गेलेल्यांची नावं आहेत म्हणाले. तिनं मोळी खाली टाकली.

"माहा बाप गेला होता लढाईत. मी पोटात होती. माय म्हने, सरकारनं त्याचं नाव दगडावर लिवलं. मले वाटे, तिकडं चांद्याले असन." मग तिनं बापाचं नाव सांगितलं. "पाय न, हाय का?"

पाहायची गरजच नव्हती. दुसरं नाव. खालची तीन धड होती, वरच्या दोहोंच्या जागी गुळगुळीत खळगा पडला होता. नव्हतंच म्हणावं असं एकदा मनात आलं. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी खळग्यावर बोट ठेवलं.

"इथं होतं."

ती उकिडवी बसली. खळग्यावरून तळहात फिरवला.

"इथीच तं इळा घासला मी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण माझा स्वभाव असा, की चूक माझी असली की आवाज चढतो.

"मले काय माहीत, तो तुहा बाप होय म्हणून?"

"खरं हाय," ती म्हणाली. "वीस वर्सं तुमच्याकडं कापनी केली, बाई. माह्या बापाचं नाव कोनी इचारलंच नाई."

मोळी डोक्यावर चढवायला मी हात लावला. तेवढंच सुचलं.

त्या साली कापणीला ती आली. लुगड्याच्या ओट्यात तिनं घरून धार लावायचा दगड आणला होता. बाकीच्या बायांनाही तिनंच सांगितलं असावं, एकीनंही आमच्या दगडाला विळा लावला नाही. दुपारी बाबा आपला विळा घेऊन सवयीनं तिकडे गेले, पाणी ओतलं अन् घासायला बसले. बाया कापायच्या थांबल्या. मी धुऱ्यावरच होते. मी बाबांना थांबवलं नाही.