वैलावरचे सेल

आजही कोणाच्या घरी पेटती चूल दिसली की माझी नजर आधी वैलावर जाते. वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं दुसरं तोंड. तिथे जाळ पोचत नाही, धग पोचते. दूध, पाणी गरम राहावं म्हणून बायका तिथे भांडं ठेवतात. पोलीस खात्यात वर्षं काढलेल्या बाईला ही सवय कशी लागली, ते सांगते.

मी तेव्हा डहाणू तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. दिवाळी नुकतीच झाली होती. डोंगराकडे उशिराचं भात आणि नाचणी उभी होती आणि रानडुकरांनी शेतं नासवायला सुरुवात केली होती. सकाळची हजेरी चालू असताना गंजाडकडच्या एका गावाच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"मॅडम, आमच्या पाड्यावर एका घरात बार उडालाय. म्हातारी भाजली. लोक बोलतात, पोरगा डुकराचे बार बनवतो."

डुकराचा बार म्हणजे पिठाच्या गोळ्यात भरलेली दारू. डुकराने चावला की फुटतो. कधी डुकराऐवजी गुराचा जबडा जातो, कधी माणसाचा हात. थेट स्फोटक पदार्थ कायद्याखालचा गुन्हा.

"लोक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"शेजारी, मॅडम."

"शेजाऱ्याचं त्याच्याशी बोलणं आहे?"

पाटील म्हणाले, "बांधावरून बंद हाय."

भांडणातून आलेली खबर खोटीच असते असं नाही. पण ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारीला डहाणूला दवाखान्यात हलवलं होतं. चेहरा आणि उजवा हात भाजला होता. घर कुडाचं. चुलीचा वैल पार उडाला होता, ॲल्युमिनियमचं पातेलं वाकडं होऊन कोपऱ्यात पडलं होतं आणि भिंतीवर काळा फराटा उठला होता. मुलगा अंगणात उकिडवा बसलेला, तिशीच्या आसपासचा. नाव सांगितलं, बाकी एका प्रश्नाला उत्तर नाही. त्याची बायको प्रत्येक प्रश्नाला "काय म्हाईत नाय" म्हणत होती आणि विहिरीकडे बघायचं टाळत होती. दोन पंच बोलावून पंचनामा सुरू केला, बॉम्बशोधक पथकाला कळवलं आणि मुलाला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

दुपारपर्यंत गावात 'बॉम्ब' हा शब्द फिरला. वरिष्ठांचे दोन फोन आले: गुन्हा दाखल का नाही? गुन्हा दाखल केला असता तर काय झालं असतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. जामीन लवकर मिळणार नाही. आई दवाखान्यात, बायको एकटी, उभं पीक डुकरांच्या तोंडी. म्हणून घाई करायची नाही असं मी ठरवलं. पण तो तोंडच उघडत नव्हता.

आमचे हवालदार वैतागले. "बोल की रे! तोंडात भात भरलाय काय? आई तिकडं विव्हळतेय नि हा बसलाय नवरदेवासारखा."

मी हवालदारांना बाहेर पाठवलं. चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही.

तेवढ्यात पथकातल्या फौजदारांचा जागेवरून फोन आला. "मॅडम, इथे दारूचा मागमूस नाही. राखेत पत्र्याच्या बोटाएवढ्या दोन नळ्या मिळाल्या, आतून फाटून उलगडलेल्या. हे लिथियमचे सेल आहेत. लांब झोत टाकणाऱ्या एलईडी टॉर्चमध्ये असतात ते. पण टॉर्च कुठे दिसत नाही."

आमच्या भागात टॉर्चला सगळे बॅटरीच म्हणतात. मी फोन ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बॅटरी विहिरीत टाकली काय रे?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "कसली बॅटरी? माझ्याकडं बॅटरीच नाय."

बॉम्बबद्दल सकाळपासून एक शब्द न बोललेला माणूस बॅटरी मात्र झटकन नाकारतो. म्हणजे त्याची भीती बॅटरीत होती. जंगलालगत राहणारा माणूस एवढ्या झोताची बॅटरी कशाकशासाठी वापरतो, याचा मी विचार केला. राखणीसाठी, हे उघड. आणखी? झोत डोळ्यांवर पडला की ससा जागीच थिजतो.

"ससे किती मारलेस?"

त्याचा चेहराच उतरला. "साहेब, वनखात्याला नका कळवू."

"अरे, तुझ्यावर बॉम्बचं कलम लागतंय आणि तू सशाला भितोस?"

"बॉम्ब म्या केलाच नाय, तर त्याला कशाला भिऊ?" तो म्हणाला. "ससा मारलाय."

बाहेर दाराशी उभे असलेले हवालदार हसले. मी हसले नाही. त्याच्या हिशेबाने तो बरोबर होता.

मग तो भडाभडा बोलला. आठवडे बाजारातून बॅटऱ्या घेतल्या होत्या. मोठा झोत लावून तो शेतातल्या उंच माळ्यावर राखणीला बसायचा. बॅटरी हाताला चटके देईल इतकी तापायची, म्हणून तिला गोणपाट गुंडाळायचा. थोड्या वेळाने उजेड मंद व्हायचा. सेल उतरले, असं तो समजला. सकाळी आईने सेल काढून वैलावर ठेवले. जुन्या पद्धतीचे साधे सेल उतरले की ती हेच करायची. धग लागली की ते आणखी काही दिवस चालायचे. बार झाल्यावर बायकोने घाबरून रिकामी बॅटरी विहिरीत टाकली.

मी पथकाच्या फौजदारांना पुन्हा फोन लावला. ते म्हणाले, "सेल उतरलेच नव्हते, मॅडम. या टॉर्च फार तापल्या की स्वतःहून उजेड कमी करतात, जळून जाऊ नयेत म्हणून. सेल भरलेलेच असतात. वर सेलही बनावट दिसतात, जुन्यांवर नवं वेष्टन चढवलेले."

म्हणजे बॅटरी तापली म्हणून मंद झाली होती आणि मंद झाली म्हणून तिचे सेल तापवले गेले होते.

मी जबाब लिहून घ्यायला लागले आणि एका शब्दावर अडकले. "बॅटऱ्या म्हणालास. किती?"

"दोन. एक बहिणीला दिली, भाऊबीजेला. तलासरीकडं असते ती."

"वैलावर ठेवायचं तिला कोणी सांगितलं आहे का?"

"सांगायला कशाला पायजे? तीबी त्याच चुलीशी वाढली."

बहिणीच्या नवऱ्याचा फोन लागेना. तलासरी ठाण्याला कळवलं. पण पाडे विखुरलेले, घराला क्रमांक नाही, खूण सांगावी तर आंब्याचं झाड प्रत्येक दारात. घर दाखवायला भाऊच हवा होता. स्टेशन डायरीत नोंद केली, त्याला जीपमध्ये पुढे बसवलं आणि निघालो. दिवस कलला होता. वाटेतल्या घरांवर धूर दिसायला लागला होता. म्हणजे संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या.  तो दर वळणावर चालकाला "आणखी जोरात" म्हणत होता.

रस्ता ओढ्यापाशी संपला. जीप थांबायच्या आत तो उडी मारून पळाला.

"ए, थांब!" हवालदार ओरडले.

"पळू दे," मी म्हटलं आणि आम्हीही त्याच्या मागे धावलो.

अंगणात पोचलो तेव्हा बहीण दारात उभी होती, कमरेला हात लावून. "काय रे दादा? माहेरी न्यायला मुराळी म्हणून पोलीस आणलेस की काय?"

"बॅटरी कुठाय?" त्याला दम लागला होता.

"हाय की. मंद झालती. सेल ठेवलेत वैलावर. का?"

मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. आत बाजेवर तिचा सासरा पडून होता. भावाने आणि हवालदारांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं. भाऊ पुन्हा आत धावला, सेल चिमट्याने काढायला. मी त्याची कॉलर धरली. तापलेल्या सेलला हात लावू नका, माणसं लांब न्या, असं फौजदारांनी बजावलं होतं. सगळे गोठ्याच्या मागे जाऊन उभे राहिलो.

काहीच झालं नाही.

"माझा भात करपतोय," बहीण म्हणाली. "एवढ्याशा सेलाला पोलीस भितात होय?"

सासरा बाजेवरून म्हणाला, "मला तरी आत न्या. डास चावतात."

हवालदार माझ्याकडे बघायला लागले. मलाही वाटलं, विझवावी का चूल जाऊन? तेवढ्यात आतून फुस्स असा आवाज आला, कुकरची वाफ सुटावी तसा, आणि पाठोपाठ बार. भाताचं झाकण छपरातून वर गेलं. लगेच दुसरा बार झाला. छपराचा कोपरा पेटला. आम्ही वाळू आणि पाणी मारून तो विझवला.

 फुटलेल्या वैलाकडे बघून बहीण हळूच म्हणाली, "दादा, तुला कसं कळलं?"

त्याने राखेवर आणखी वाळू टाकली. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आयस कुठंय?"

तिलाही जीपमध्ये घेतलं आणि आम्ही सरळ दवाखान्यात गेलो.

स्फोटकांचा गुन्हा दाखल झाला नाही. अपघाती जळिताची नोंद झाली, तो घरी गेला. सशांबद्दल माझ्याकडे कोणाची तक्रार नव्हती. बॅटऱ्या विकणारा त्या बाजारात पुन्हा दिसला नाही, तपासातही त्याचा माग लागला नाही. पण बाजाराच्या दिवशी आम्ही कर्णा लावून सांगत होतो: बॅटरी तापली तर बंद करून उघड्यावर निवू द्या, तिला काही गुंडाळू नका, सेल धगीला किंवा उन्हात ठेवू नका, वेष्टन फाटलेला सेल वापरू नका. लोक ऐकत होते. घरोघरी किती सेल वैलावर चढत होते, ते तेव्हा कळलं.

या प्रकरणाने मला चौकशीची एक रीत शिकवली. माणूस गप्प बसला की तो मोठा गुन्हा लपवतोय असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो लहानसं काही लपवत असतो आणि त्यापायी मोठ्यात अडकतो. नंतर कोणी गप्प बसला की मी आधी त्याचा ससा शोधायचे.

म्हातारीचा उजवा डोळा गेला. पट्ट्या सुटल्यावर मी जबाब घ्यायला गेले. तिने मला विचारलं, "माझ्याच हातानं झालं ना, बाय?"

"जुन्या सेलला तुम्ही करत होता ते बरोबर होतं," मी म्हटलं. "हे सेल वेगळे आहेत. त्यांना धग चालत नाही."

"मग विकताना तसं सांगितलं का नाय?"

मी तो प्रश्न तिच्या जबाबात जसाच्या तसा उतरवला आणि खाली तिचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.