त्रेचाळिसावी पाटी

अकरा नोव्हेंबरला तलाव विकास समितीने ‘निवांत सायकल मार्ग’ असं लिहिलेल्या बेचाळीस पाट्यांचे एक लाख सत्तावन्न हजार पाचशे रुपये चुकते केले. पाटीमागे तीन हजार सातशे पन्नास. रस्त्यातले खड्डे बुजवायला तरतूद नव्हती, पण कोणत्या खड्ड्यापाशी निवांत व्हायचं हे मात्र आता वाचता येत होतं.

त्रेचाळिसावी पाटी समितीला फुकट मिळाली. ती आमच्या भावोजींची.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तलावाकाठी, पक्ष्यांसाठी राखलेल्या पाणथळीच्या मधोमध, पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षं ते सायकली दुरुस्त करत होते. एका बाजूचं जुनं शहर सहा किलोमीटर, दुसऱ्या बाजूचं तीन. दोन्ही शहरांना पडके बुरूज आणि स्वतःबद्दल भलतंच चांगलं मत. मधल्या रस्त्यावर काटेरी झुडपं. जिथे पंक्चर होतं तिथेच दुकान हवं, हे व्यापारशास्त्र भावोजींना कॉलेजात न जाता कळलं होतं.

मात्र त्यांच्या हाताला घाई माहीत नव्हती. ‘सायकल कधी मिळेल?’ या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, “निवांत घेऊन जा की!” चाक दहा वेळा फिरवून, कान लावून ऐकल्याशिवाय ते सोडायचे नाहीत. लोकांनी त्यांचं नावच ‘निवांत’ पाडलं. एका पेंटरने चेन बदलून घेतल्याच्या मोबदल्यात दुकानाची पाटी रंगवून दिली. ‘निवांत सायकल दुरुस्ती’ लिहायचं ठरलं होतं. पेंटरने पहिला शब्द एवढा ऐसपैस काढला की पुढच्या दोन शब्दांना फळीवर जागाच उरली नाही. भावोजी म्हणाले, “राहू दे. सायकली दिसतातच.”

समितीच्या मोजणीदाराला त्या दिसल्या नाहीत. त्याने जीपमधून जाता जाता पाटी वाचली आणि नकाशात त्या जागी ‘थांबा’ म्हणून खूण केली. मार्ग निवांत आहे हेही त्याने जीपमधूनच ठरवलं होतं.

नकाशा छापून आल्यावर रंगीत टोप्या घातलेले पर्यटक शेडपाशी उतरू लागले.

“पिण्याचं पाणी कुठे आहे?”

“समोर चाळीस चौरस किलोमीटर आहे. प्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

मग समितीचे अधिकारी आले. राखीव क्षेत्रात दुरुस्तीचं दुकान चालत नाही हे त्यांना एकतीस वर्षांनी समजलं होतं. थांबा मात्र चालत होता.

“काका, नशीबवान आहात. नकाशा छापून झालाय, त्यामुळे तुमची जागा हलवता येत नाही. फक्त काम बंद करा. हातोडीच्या आवाजाने पक्षी उडतात.”

“एकतीस वर्षं उडतायत. संध्याकाळी परत येतात.”

“तुम्ही थांब्याचे व्यवस्थापक. महिना सहा हजार. नुसतं बसायचं.”

“आणि कुणाला पंक्चर झालं तर?”

“नकाशात पंक्चर नाही.”

भावोजी माझ्याकडे बघू लागले. कागदपत्र वाचायला म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. कागदात खोट नव्हती. जागा ठेवायची तर काम सोडायचं, काम ठेवायचं तर जागा, एवढंच त्यात लिहिलं होतं. ताई म्हणाली, “हो म्हणा हो! जन्मभर फुकट निवांत म्हणवून घेतलंत, आता त्याचा पगार घ्या.”

ते हो म्हणाले. हत्यारं पेटीत गेली आणि शेडमध्ये दोन बाकं आली.

एवढ्या निवांत माणसाला बसायचं कसं ते येत नाही, हे तेव्हा कळलं. रोज दोन-चार जण पंक्चर झालेली सायकल ढकलत समोरून जायचे आणि भावोजी बाकाची कड घट्ट धरून बसायचे. “मागचं चाक डगमगतंय,” असं पुटपुटायचे. ताईने मला फोनवर सांगितलं, “घरी आले की माझं शिलाई मशीन उघडतात. तीनदा उघडलं. चांगलं चालत होतं रे. आता नाही चालत.”

दहाव्या दिवशी सकाळी दूधवाली सायकल ढकलत आली. दोन्ही बाजूंना भरलेल्या बरण्या, पुढचं चाक बसलेलं.

“काका, लवकर! ऊन चढलं की दूध नासेल.”

“अगं, इथे दुरुस्ती बंद आहे.”

“मग तुम्ही काय करता इथे?”

“निवांत बसतो.”

“मग बसूनच करा!”

भावोजींनी पेटी उघडली. त्या दिवशी त्यांनी जन्मात पहिल्यांदा घाई केली. चाकाची वाकलेली रिम हातोडीने सरळ करत होते, तेवढ्यात अधिकारी पाहुण्यांना मार्ग दाखवायला घेऊन आले. त्यांनी शिट्टी फुंकली. पाणथळीतून एक बगळा उडाला, तो शिट्टीने.

दूधवाली निघून गेल्यावर अधिकारी सौम्यपणे म्हणाले, “जाऊ द्या, काका. पुन्हा असं होणार नाही, एवढं लिहून द्या.”

“होईल,” भावोजी म्हणाले.

“नीट विचार करा. जागा जाईल.”

“विचार करायला नऊ दिवस बसवलंत की तुम्ही.”

दुपारी भावोजींचं सामान हलवायला हातगाडी आली. आता भावोजी तीन किलोमीटरवरच्या शहरात, बुरुजाच्या मागच्या गल्लीत बसतात. तिथे काटे नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकही बेताचंच आहे. पंक्चर झालेले लोक तिथवर चालत येतात आणि वाटेत थांब्यावर निवांत बसतात. समितीच्या अहवालात थांब्याचा वापर वाढल्याची नोंद आहे.

दूधवालीचा रस्ता दुसऱ्या बाजूचा. तिच्याकडून पंक्चरचे पंधरा रुपये अजून यायचे आहेत.