चौथ्या मजल्यावरचा दूधभात

डॉक्टर महिपती ओव्हाळांकडे मांजर नेलं, की ते आधी मांजराकडे बघतच नाहीत. आणणाऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "खायला काय घालता?" तुम्ही म्हणालात, "नेहमीचंच," की संपलं. "नेहमीचं म्हणजे काय? सकाळी काय, संध्याकाळी काय, कौतुकाने काय, चोरून काय?" एका प्राध्यापकबाईंनी चिडून विचारलं होतं, "माझी जबानी घेताय की मांजर तपासताय?" डॉक्टर म्हणाले, "दोन्ही." कसबा पेठेत लोक म्हणतात, ओव्हाळ हुशार, पण चक्रम. चक्रम नाही हो! झपाटलेला माणूस आहे तो. आणि झपाटलंय कुणी, तर एका मांजराने.

डॉक्टरांचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात एक गोष्ट पक्की होती, की पोटाला चिमटा बसला तरी चालेल, शिक्षण सुटता कामा नये. महिपती शिकले, जनावरांचे डॉक्टर झाले आणि ब्याऐंशी साली दवाखान्यासाठी पेठांमध्ये खोली शोधायला लागले. एका घरमालकांनी आडनाव विचारलं, ते ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आमच्याकडे वशाट चालत नाही हं." आता सांगा, माणूस जागा मागतोय ती कुत्र्या-मांजरांना सुई टोचायला, रस्सा शिजवायला नव्हे! पण महिपती काही बोलले नाहीत. नमस्कार करून जिना उतरले. पुढे कसबा पेठेत त्यांना दुसरी खोली मिळाली, दवाखाना उत्तम चालला, लोकांनी मानही दिला. फक्त त्या जिन्यावरून उतरताना एक सवय त्यांना जडली ती जडलीच. परक्याच्या घरात मटण, मासळी, अंडं हे शब्द ते तोंडातून काढत नसत. कुत्र्याला काय द्यायचं असं कुणी विचारलं, तर म्हणत, "घरचं द्या." ज्याच्या घरी जे शिजतं ते त्याने द्यावं, आपण कशाला बोला.

कुसुमताई मेहेंदळे याच पेठेतल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, बोलायला फटकळ. त्यांची तिरंगी मांजर ठमी. ठमीला सकाळ-संध्याकाळ ताटलीत दूधभात. तिच्या आईलाही तोच, आजीलाही तोच, आणि सगळ्या पंधरा-पंधरा वर्षं जगल्या. त्याचं कारण साधं होतं. दूधभात खाऊन झाला की ठमी कौलांवर जायची आणि उंदीर, चिमणी, पाल, जे सापडेल ते मटकावून मिशा पुसत परत यायची. कुसुमताई तिकडे काणाडोळा करायच्या. "ती बाहेर काय करते ते तिचं तिला ठाऊक," एवढंच म्हणायच्या.

मग मुलगा विन्या कॉम्प्युटरमध्ये गेला, अमेरिकेला गेला, आणि सत्त्याण्णव साली आईला त्याने कोथरूडात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. गुळगुळीत फरशी, खिडक्यांना ग्रिल, बाल्कनीला जाळी. उंदीर सोडा, मुंगी वर येईना. ठमीचा दूधभात मात्र वेळेवर, एका वेळचा चुकला नाही.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर कुसुमताईंनी डॉक्टरांना घरी बोलावलं. ठमी चार दिवस नीट खात नव्हती, पाय पोटाशी घेऊन बसलेली, आणि श्वास घेताना पोट भात्यासारखं हलत होतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. हृदयाचे ठोके दोन दोनच्या जोडीने यायला हवेत. ठमीचे तीन येत होते. दोन ठीक, आणि त्यांच्यामागे एक आगंतुक, दुडक्या चालीने निघालेल्या घोड्याच्या टापेसारखा. त्यांनी डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, आणि उजेडातही तशाच. खाली सोडल्यावर ठमी टेबलाच्या पायावर जाऊन आपटली.

"वय झालं का हो तिचं?" कुसुमताईंनी विचारलं.

"सहा वर्षं म्हणजे काही वय नाही, ताई."

कसब्यात डॉक्टरांचा एक मित्र माणसांचे एक्स-रे काढायचा. एक ते चार या वेळात त्याच्याकडे माणूस फिरकत नसे, म्हणून जनावरांचे फोटो त्या वेळात निघत. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या टोपलीत घालून ठमीला तिथे नेलं. फिल्म उजेडाला धरली तर लिंबाएवढं हृदय असायचं तिथे मोसंबं दिसत होतं, आणि भोवती पाणी.

आणि डॉक्टरांना कळलं. हेच तर सगळं दुखणं आहे, की त्यांना कळलं! पूर्वी एका परदेशी नियतकालिकात त्यांनी लेख वाचला होता. टॉरीन नावाचा एक घटक असतो. तो मांजराच्या अंगात पुरेसा तयार होत नाही, खाण्यातूनच यावा लागतो. उंदरात असतो, मासळीत असतो, मांसात असतो. दुधात नावाला, भातात शून्य. तो नाही मिळाला की हृदय सैल पडत जातं आणि डोळे जातात. हृदय आणि डोळे, दोन्ही एकदम. ठमीच्या अंगावर तो लेख छापल्यासारखा होता. आणि त्यात पुढे हेही होतं, की वेळेत दिलं तर हृदय पूर्ववत होतं.

टोपली घेऊन ते कुसुमताईंकडे परतले. ताई चहा टाकत होत्या. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"ताई, हिला अंडंबिंडं कधी..."

"आमच्याकडे अंडं येत नाही, डॉक्टर," ताई पातेल्यात बघत म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. साखर संपली आहे हे सांगावं तसं सांगितलं.

पण डॉक्टरांना दिसला तो चष्मा पुसणारा घरमालक. जीभ टाळ्याला चिकटली. ओव्हाळ आडनावाच्या माणसाने मेहेंदळ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगायचं, की या ताटलीत मटण वाढा? बाई काय म्हणेल? मनात काय म्हणेल? ते नुसतं "बरं" म्हणाले. अंगातलं पाणी काढायचं औषध दिलं, हृदयाच्या गोळीचा पाव तुकडा लिहून दिला, वर एक टॉनिक. आधी श्वास तर खाली येऊ दे, पुढच्या आठवड्यात सांगू, असं स्वतःला समजावत जिना उतरले. पुढच्या आठवड्यात श्वास जरा खाली आला होता. म्हणून तेव्हाही सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठला फोन आला. ठमी ओरडत होती, तो आवाज फोनमधून ऐकू येत होता. सुजलेल्या हृदयात रक्ताची गाठ धरली होती, ती सुटून कमरेशी जाऊन अडकली होती. मागचे दोन्ही पाय लुळे आणि बर्फासारखे गार. डॉक्टर "ठमे" म्हणाले, तेव्हा तिने तोंड आवाजाकडे वळवलं. ते काळे डोळे काही बघत नव्हते, पण बरोबर त्यांच्याकडे लागले होते.

"तुम्हाला ओळखते बघा," कुसुमताई म्हणाल्या.

शेवटचं इंजेक्शन डॉक्टरांनीच दिलं. कुसुमताईंनी डोळे पुसले आणि हात जोडले. "तुम्ही खूप केलंत हो तिच्यासाठी."

शिव्या घातल्या असत्या तर माणूस सुटला असता. हे हात जोडणं काही सुटेना. दुपारी जेवून आडवं व्हावं, तर पंख्याच्या घरघरीत तीन ठोके. शेजारच्यांच्या वॉशिंग मशीनमध्ये तीन ठोके. टुणटुणीत पिल्लाला स्टेथोस्कोप लावला तरी तीन ऐकू येत. डॉक्टर नळी काढून पुन्हा लावत, तेव्हा दोन होत. एकदा त्यांची बायको हेमा चहा घेऊन आली, तर हे स्वतःच्याच छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेले.

शहराने तर सूड उगवायचं ठरवल्यासारखं वागायला सुरुवात केली. बाणेर, बालेवाडी, हिंजवडी, जिथे शेतं होती तिथे बारा-बारा मजले उभे राहिले. खिडकीखिडकीला ग्रिल. आणि एखाद्या ग्रिलमागे मांजर. डॉक्टर स्कूटर थांबवून मान वर करून बघत राहायचे. याला काय घालत असतील? त्या वरच्याला? कुणी बोललं असेल का? एका वॉचमनने त्यांना दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा हाकललंच. दर वेळी ग्रिलमागचे डोळे काळे वाटायचे, आणि आपल्याकडेच लागलेले.

दोन हजार सात साली पूर्वा नावाची मुलगी दवाखान्यात आली. हिंजवडीच्या कंपनीत कामाला, राहायला नवव्या मजल्यावर, घर तिचंही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मांजराला दहीभात आणि पनीर. डॉक्टरांनी नळी लावली. तीन. त्यांनी काढली, पुन्हा लावली. तीनच. या वेळी भास नव्हता. आता शहरात जनावरांच्या हृदयाची सोनोग्राफी होत होती. पडद्यावर ते सैल, थकलेलं हृदय हलताना त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आणि या खेपेला ते बोलले.

"मांस लागेल. कोंबडीचं काळीज, हृदय, मांडीचं मांस. उकडल्याचं पाणीसुद्धा फेकायचं नाही. औषध मी देतो, पण हे नाही दिलं तर जगणार नाही."

पूर्वाने डोळे पुसले. "ओके सर. कुठून आणू?"

बस्स! एवढंच! आठ वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरलेल्या माणसाला उत्तर मिळालं ते हे. तिसऱ्या आठवड्यात मांजर उड्या मारायला लागलं. चार महिन्यांनी पडद्यावर हृदय पुष्कळसं जागेवर आलेलं दिसलं. पूर्वा पेढे घेऊन आली. डॉक्टरांनी पेढा हातात घेतला आणि त्यांना हुंदकाच आला. आजवर निदान एक पळवाट होती, की कदाचित ठमी नसतीच वाचली. ती पळवाटही बंद झाली.

घरी हेमाला त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, मला सांगून काय उपयोग? ज्यांचं मांजर होतं त्यांना सांगा."

म्हणून ते गेले. चार वाजून गेल्यावर, ताईंची झोप मोडायला नको म्हणून. कुसुमताई अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या होत्या, काठी घेऊन दार उघडलं. डॉक्टरांनी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, थांबले तर पुन्हा जीभ चिकटेल या भीतीने. तो लेख, ते मांस, ते "बरं".

कुसुमताईंनी काठी भिंतीला टेकवली.

"म्हणजे वाचली असती."

"बहुतेक."

"आमच्या विन्याला लहानपणी माशाचं तेल पाजलंय मी दोन वर्षं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. ते काय तुळशीच्या पानांचं असतं?" त्यांचा आवाज चढला. "मला विचारलंत का तुम्ही?"

"माझ्या तोंडून ते... तुमच्या घरात..." डॉक्टरांना पुढे बोलवेना.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि काय ते ताईंना उमजलं. चेहऱ्यावरचा राग तसाच राहिला, पण त्याच्याखाली काहीतरी खचल्यासारखं झालं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते पीं-पीं वाजत राहिलं.

"खोटं कशाला बोलू," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या वेळी नाही म्हटलंही असतं मी कदाचित. तुमच्याबद्दल नाही नाही ते मनातही आणलं असतं. आमच्यात वाढलेली बाई मी, काय सांगावं. पण मग ती माझ्या हातून गेली असती ना, डॉक्टर? माझं 'नाही' होतं ते. ते माझ्याऐवजी तुम्हीच का म्हटलंत?"

ताई दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून त्यांच्याकडे बघत बसल्या. चहा ठेवायला काही उठल्या नाहीत.